घोडबंदरला खाऱ्या पाण्याची रीफ टाकी: जागा, चिलर, पाणी, कोरल

ओवळ्याची_मासोळी

नमस्कार मंडळी. गोड्या पाण्याची प्लांटेड टाकी बरीच वर्षं सांभाळतेय, त्यामुळे सायकलिंग (मासे सोडण्याआधी टाकीत उपयोगी बॅक्टेरिया वाढवणं), नायट्रेट, पाणी बदलणं हे सगळं अंगवळणी पडलंय. आता खाऱ्या पाण्याच्या रीफ टाकीचं, म्हणजे कोरल (प्रवाळ) आणि समुद्री माशांच्या टाकीचं, वेड डोक्यात शिरलंय. आमच्या मातोश्रींच्या मते मासा ताटात शोभतो, काचेत नाही. तरी हॉलमधली शोकेस हलवायला त्यांनी हो म्हटलंय, म्हणजे मोठाच गड सर झाला.

घोडबंदर रोडला नवव्या मजल्यावर टू बीएचके आहे. मामेभावाकडून ३ फूट लांब, दीड रुंद, दीड उंच टाकी मिळतेय, खाली संपसकट (फिल्टर-पंपाची खालची टाकी). सगळे प्रश्न एकदमच विचारते.

टाकी हॉलमध्ये ठेवू की काचा लावून बंद केलेल्या बाल्कनीत? बाल्कनी पश्चिमेला आहे, ऊन फुकट मिळेल. चिलर (पाणी गार करणारं यंत्र) खरंच लागतो का? दुकानदार म्हणाला, "मॅडम, दोन पंखे लावा, काही होत नाही." पाणी महापालिकेचं येतं, पण उन्हाळ्यात सोसायटी टँकर मागवते. किचनमधल्या आरओचं पाणी चालेल का? बाबांचं म्हणणं, गायमुखला खाडी आहे, मीठ विकत कशाला आणायचं!

आणि तोच दुकानदार ब्रेन कोरलचा एक तुकडा देतोय. बिल मिळणार नाही म्हणाला. भाचीची यादी वेगळी: निमो (क्लाऊनफिश), निमोचं घर (म्हणजे अ‍ॅनिमोन), डोरी (निळा टँग मासा) आणि समुद्री घोडा.

---

गप्पीप्रेमी

आधी विजेचं बिल घरात कोण भरतं ते ठरवा, मग चिलर. शुभेच्छा.

---

तुर्भ्याचा_एसीवाला

ताई, मी एसी-फ्रिजच्या धंद्यातला माणूस. वर्कशॉप तुर्भ्याला, राहायला कोपरखैरणे. घरी साधारण तुमच्याच मापाची टाकी आहे. आज रविवार, दुकान बंद, म्हणून सविस्तर लिहितो.

बाल्कनी डोक्यातून काढून टाका. पश्चिमेच्या काचबंद बाल्कनीत मे महिन्यात दुपारी चारला जाऊन उभ्या राहा, बाकी सांगायची गरज उरणार नाही. ऊन फुकट मिळतं ते शेवाळाला. शिवाय वजन बघा. तुमच्या टाकीत काठोकाठ १९० लिटर पाणी मावतं, संप धरून सव्वादोनशे धरा. खारं पाणी लिटरला एक किलोपेक्षा किंचित जास्तच भरतं. काच, दगड, वाळू, स्टँड मिळून साडेतीनशे किलो कुठे गेलं नाही. राहत्या खोल्यांचा स्लॅब चौरस मीटरला साधारण २०० किलो वापरातला भार धरून डिझाइन करतात आणि तुमची टाकी अर्ध्या चौरस मीटरहून कमी जागेत उभी राहणार. म्हणून लगेच स्लॅब खाली येत नाही, कारण बाकीची खोली तेवढी भरलेली नसते. तरी टाकी हॉलमध्ये, बीमवरच्या भिंतीला लांबी लावून ठेवायची. बाहेर झुकलेल्या बाल्कनीत मुळीच नको. बिल्डिंग जुनी असेल तर सोसायटीच्या स्ट्रक्चरल इंजिनिअरला एक फोन करा.

आता चिलर. हा माझा विषय आहे, त्यामुळे पंखेवाल्या दुकानदाराला मी एवढ्यात सोडणार नाही.

पंखा पाणी गार करतो ते पाणी उडवून. एक लिटर पाणी उडालं की दोनशे लिटरच्या टाकीतून जवळजवळ तीन अंशांची उष्णता निघून जाते. हिशोब बरोबर आहे आणि नागपूरला असतात तर मीही पंखाच सांगितला असता, तिकडे कूलर चालतो त्याच कारणाने. पण हवेच्या वेट बल्ब तापमानाच्या खाली पंखा पाणी नेऊ शकत नाही, तुम्ही चार लावा की चाळीस. थर्मामीटरच्या टोकाला ओली चिंधी गुंडाळून पंख्याखाली धरलीत की जो आकडा दिसतो तो वेट बल्ब. ठाण्यात मे-जूनमध्ये हा आकडा २७ च्या आसपास असतो, दमट दिवशी त्याच्याही वर. आणि पंखा प्रत्यक्षात त्या आकड्यापर्यंतही पोचत नाही, एक-दीड अंश अलीकडेच थांबतो. आपल्याला टाकी हवी २५-२६ वर. बसतंय का गणित?

वरून टाकी स्वतःही तापते. पंप, वेव्हमेकर (टाकीत प्रवाह करणारा छोटा पंप), लाइट यांची मिळून शंभर वॉट उष्णता पाण्यात शिरली तर दोनशे लिटर पाणी सव्वादोन-अडीच तासांत एक अंशाने वर जातं. म्हणून संपमधून पाणी वर टाकीत नेणारा रिटर्न पंप डीसी घ्या, जुना एसी पंप म्हणजे पाण्यात बुडवलेली छोटी इस्त्री.

कोणी म्हणेल, लक्षद्वीपला समुद्र २८-२९ अंश असतोच की. असतो. पण तिथे पाणी अथांग आहे आणि प्राणवायू लाटा पुरवतात. गरम पाण्यात प्राणवायू मुळात कमी विरघळतो. टाकी २९ वर आणि त्यात रात्री लाइट गेली, तर हाताशी वेळच उरत नाही. आणि लक्षद्वीपचंही सगळं आलबेल नाही. १९९८, २०१०, २०१६ आणि २०२४, या उन्हाळ्यांत तिथलं प्रवाळ उष्णतेने पांढरं पडलं.

तुमच्या मापाला १/१० एचपीचा चिलर पुरतो. तो कपाटात कोंडू नका. कपाटात ठेवला की तो स्वतःचीच गरम हवा परत ओढतो, कॉम्प्रेसर बंदच होत नाही आणि मग गिऱ्हाईक म्हणतं, "चिलर डुप्लिकेट निघाला." मागे-पुढे फूटभर जागा मोकळी ठेवा. महिन्यातून एकदा जाळी काढून कंडेन्सरच्या पात्यांवरून रंगाचा कोरडा ब्रश वरून खाली फिरवा, आडवा नाही; आडवा फिरवलात तर पाती वाकतात. टॉर्च मारून बघा. पात्यांच्या कडांवर पांढरी भुकटी दिसली तर टाकीतले खारे तुषार तिथवर पोचतायत. चिलर लांब सरकवा नाहीतर संपवर झाकण घाला. माझ्याकडे दुरुस्तीला येणाऱ्या चिलरांत निम्म्यांचा आजार हाच असतो.

विजेचं म्हणाल तर चिलर ऋतूप्रमाणे महिन्याला ४५ ते ६५ युनिट, पंप चाळीसेक, लाइट पंचवीस. म्हणजे साधारण ११० ते १३०. महावितरणचा दर ३०० युनिटच्या पुढे पायरी चढतो, तेव्हा आधीची बिलं काढून बघा. टाकीच्या लाइनवर आरसीसीबी (वीज गळती होताच लाइन तोडणारा स्विच) लावून घ्या आणि प्रत्येक वायर प्लगच्या खाली झोळ देऊन मग वर न्या, म्हणजे ओघळलेलं पाणी सॉकेटमध्ये शिरणार नाही. यात कंजूषी नको, खारं पाणी वीज चांगली वाहून नेतं. घरी इन्व्हर्टर असेल तर त्यावर फक्त वेव्हमेकर घ्या. दहा-पंधरा वॉटवर रात्र निघते.

स्टँड लोखंडी नको. पावडर कोटिंग कितीही सांगितलं तरी खारं पाणी आणि आपला पावसाळा दोघं मिळून वेल्डिंगच्या जोडातून आत शिरतात. अ‍ॅल्युमिनियम सेक्शन किंवा मरीन प्लाय.

पाण्याचं. बाबांना सांगा, गायमुखला येतं ते अर्धं उल्हास नदीचं पाणी. पावसाळ्यात ते जवळजवळ गोडं होतं, एरवी गाळ आणि शहराचं सांडपाणी असतंच. खाडीतला मासा ते सोसतो, रीफमधला नाही. मीठ विकतच घ्यावं लागेल. रीफ सॉल्ट म्हणून मिळतं तेच, स्वयंपाकाचं नाही. शंभर लिटरला पावणेचार किलोच्या आसपास लागतं. झाकणाच्या पिंपात आधी पाणी, मग पंप चालू, मग थोडं थोडं मीठ. उलट केलंत, मिठावर पाणी ओतलंत, तर त्यातलं कॅल्शियम चुनखडी होऊन तळाला बसतं. पाणी आधी पांढुरकं दिसेल. ते नितळ झालं आणि तापमान टाकीइतकं झालं की रिफ्रॅक्टोमीटर (खारटपणा मोजायचं उपकरण) लावा. क्षारता ३५, म्हणजे घनता १.०२६. रिफ्रॅक्टोमीटर ३५ च्या तयार द्रावणावर जुळवून घ्यायचा. नुसत्या साध्या पाण्यावर शून्य आलं म्हणून वरचा आकडा बरोबर येईलच असं नाही.

किचनचा आरओ चालणार नाही. कारण तो पाणी पुरेसं शुद्ध करत नाही, मुद्दाम! चव यावी म्हणून त्यात कच्चं पाणी थोडं मिसळायचा स्क्रू असतो, पुढे मिनरलचा कार्ट्रिज असतो आणि हल्ली तांब्याचाही असतो. माणसाला तांबं चांगलं असेल नसेल, कोळंबी, शंख आणि कोरल यांना ते विष आहे. वेगळा छोटा आरओ घ्या, पुढे डीआय रेझिन (उरलेले क्षार काढणारे दाणे), मीटरवर टीडीएस (विरघळलेले क्षार) शून्य. टँकरच्या दिवसांत आत येणारा आकडा किती उडी मारतो ते तुम्हीच बघाल, रेझिन भराभर संपतं. आठवड्याला २० लिटर बदल आणि उडालेल्या पाण्याची भरपाई २५ लिटर धरली तर आरओचं वाया जाणारं पाणी सव्वाशे लिटरच्या पुढे जातं. ते लादी आणि कमोडला वापरा. टँकरचं बिल वाटून घेणाऱ्या सोसायटीत सेक्रेटरीला हे पाणी गटारात जाताना दिसायला नको.

आणखी एक. उडतं ते फक्त पाणी, मीठ टाकीतच राहतं. त्यामुळे भरपाई नेहमी गोड्या आरओ पाण्याने, खाऱ्याने कधीच नाही.

ब्रेन कोरल नको. का ते इथलं कोणीतरी माझ्यापेक्षा नीट सांगेल.

---

ऐरोलीची_खारफुटी

एसीवाले काकांनी बोलावलंच आहे तर लिहिते. शिक्षण सागरी जीवशास्त्राचं, नोकरी विम्याची. टाकीवर हौस भागवते.

ब्रेन कोरल हे दगडी सांगाडा बांधणारं प्रवाळ. ही सगळी प्रवाळं २००१ पासून वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या परिशिष्टात आहेत, म्हणजे कागदावर वाघाच्या पंगतीला. शिक्षा ३ ते ७ वर्षं कैद आणि वर दंड. जिवंत असो की वाळलेलं, फरक पडत नाही. "इंडोनेशियाचा माल आहे" हे वाक्य दुकानात हमखास ऐकू येतं, त्याने परिशिष्ट बदलत नाही. तुमचा दुकानदार बिल देत नाही यातच सगळं आलं. लाइव्ह रॉक म्हणून विकला जाणारा दगडही बहुतेक वेळा प्रवाळाचाच असतो. तोही नको आणि गोणीतून मिळणारे पांढरे कोरलचे तुकडेही नकोत. भट्टीत भाजलेले सिरॅमिकचे सच्छिद्र दगड मिळतात, ते घ्या. वाळू सीलबंद अ‍ॅरागोनाइटची.

मग रीफ कशाची करायची? माझ्याकडे मश्रूम, झोआ आणि एक लेदर कोरल आहे. तिन्ही मऊ, सांगाडा न बांधणारी, बिलासकट घेतलेली. लेदर दर काही दिवसांनी मिटून घेतं, मेणचट होतं, वरची साल टाकतं आणि मग पहिल्यापेक्षा तजेलदार होऊन उघडतं. पहिल्यांदा बघाल तेव्हा मेलंच असं वाटेल, हात लावू नका. अशा टाकीत कॅल्शियमचे डोस घालत बसावं लागत नाही. दर आठवड्याचं पाणी बदलणं पुरतं, अल्कलिनिटी (आम्ल पेलायची पाण्याची ताकद) ८-९ dKH वर ठेवा.

झोआबद्दल एक गोष्ट मात्र गंभीर. त्यांच्यात आणि त्यांच्या भावंडांत पॅलिटॉक्सिन नावाचं जहाल विष असू शकतं. हातमोजे आणि चष्म्याशिवाय कापायचं नाही. आणि ते चिकटलेला दगड स्वच्छ करायला म्हणून उकळायचा तर अजिबात नाही. त्या वाफेने अख्खं घर हॉस्पिटलात गेल्याची उदाहरणं परदेशात झालेली आहेत. घरात आई-बाबा आहेत म्हणून ठळक सांगतेय.

सायकलिंग तुम्हाला येतंच. दगड कोरडे असल्याने अमोनिया बाहेरून द्यावा लागेल. प्रयोगशाळेच्या दर्जाचा नवसागर, २०० लिटरला सव्वा ग्रॅम, म्हणजे अमोनिया २ पीपीएम होतो. कल्हईवाल्याचा नवसागर नको, त्यात काय काय असतं देव जाणे. सोबत बाटलीतले बॅक्टेरिया. चार ते सहा आठवडे धरा. नंतर तपकिरी डायटम (सूक्ष्म शेवाळ) येतील, मग हिरवं केसाळ शेवाळ. त्या काळात घरातले सगळे "एवढा खर्च करून हे?" म्हणतील. म्हणू द्या. शंख सोडा, लाइट आठ तासांवर आणा, औषधं ओतू नका.

आता भाचीची यादी.

निमो मिळेल. टाकीत पैदास झालेलीच जोडी मागा. आपल्या सीएमएफआरआयने (केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्था) क्लाऊनफिशच्या पैदाशीचं तंत्र केव्हाच बसवलंय, पकडून आणलेले घ्यायचं कारण नाही. लहान दोन एकत्र सोडा. त्यातला दांडगा मादी होतो, दुसरा नर राहतो, भाचीला हे सांगा, शाळेत भाव खाईल. अ‍ॅनिमोन त्यांना लागत नाही. अ‍ॅनिमोनला जुनी, स्थिरावलेली टाकी लागते. नव्या टाकीत तो जागा शोधत फिरतो आणि वेव्हमेकरमध्ये अडकून चिंध्या होतो. मग एका रात्रीत सगळं पाणी खराब.

डोरी फूटभर होते आणि दिवसभर पोहत असते. तीन फुटांत नको, कितीही चिमुकली दिसली तरी. समुद्री घोडाही २००१ मध्येच परिशिष्टात घातला गेलाय. कायदा बाजूला ठेवला तरी तो प्रवाहात टिकत नाही आणि दिवसातून अनेकदा भरवावा लागतो. भाचीला एखाद्या रविवारी ऐरोलीच्या सागरी जैवविविधता केंद्रात घेऊन या, थंडीत असाल तर फ्लेमिंगोही दाखवता येतील.

क्लाऊनच्या जोडीला एक फायरफिश, एक रॉयल ग्रामा, एक क्लीनर कोळंबी. बस, तीन फूट भरले. फायरफिश घाबरला की उडी मारतो आणि सकाळी सोफ्याखाली सापडतो, तेव्हा टाकीवर जाळी पाहिजेच. प्रत्येक मासा आधी वेगळ्या टबात निदान चार आठवडे. खाऱ्या पाण्यातला इक (पांढऱ्या ठिपक्यांचा रोग) हा गोड्या पाण्यातल्यासारखा तापमान वाढवून जात नाही. त्याला तांब्याचं औषध लागतं आणि ते औषध मुख्य टाकीत घातलंत की कोळंबी, शंख, कोरल सगळ्यांना राम म्हणायचं.

---

कळव्याचा_किनारा

काकांशी पूर्ण सहमत नाही. माझ्याकडे चिलर नाही. हॉलमध्ये इन्व्हर्टर एसी २६ वर रात्रंदिवस चालू असतो आणि टाकी २७ वर राहते. वर घरही गार. चिलरचा आवाज नाही, त्याची गरम हवा हॉलमध्ये नाही. चिलरने पाणी गार होतं, पण ती उष्णता जाते कुठे? हॉलमध्येच ना?

---

तुर्भ्याचा_एसीवाला

मुद्दा बरोबर आहे, नाकारत नाही. चिलर टाकीतली उष्णता काढून हॉलमध्येच सोडतो आणि वर स्वतःची घालतो. मे महिन्यात ते जाणवतं. पण दीड टनाचा एसी चोवीस तास म्हणजे महिन्याला चारेकशे युनिट कमीत कमी. ज्यांच्या घरी म्हातारी माणसं किंवा लहान बाळ असल्याने तो तसाही चालू असतो, त्यांनी चिलर घेऊ नये, माझं काही म्हणणं नाही. ताईंच्या घरी दिवसा कोण असतं त्यावर ठरवा. फक्त एक विचारतो, गावाला जाता तेव्हा एसी चालू ठेवून जाता का?

---

कळव्याचा_किनारा

गणपतीत ठेवला होता. बायकोला सांगू नका.

---

ओवळ्याची_मासोळी

सगळ्यांचे मनापासून आभार. आई-बाबा दिवसा घरी असतात, पण बाबांना एसीने गुडघे धरतात, त्यामुळे चिलरच. टाकी हॉलमध्ये जिन्याकडच्या भिंतीला लावणार, वरच्या बीमची रेघ दिसतेय, खालच्या स्लॅबचंही इंजिनिअरकडून बघून घेते. ब्रेन कोरलवाल्याला नको म्हणून कळवलं. त्याने लगेच किंमत उतरवली! डोरीचा विषय भाचीकडे अजून काढलेला नाही.

काका, एकच शेवटचं. वाशीचे एक जण टाकी मोडतायत, त्यांचा १/१० एचपीचा चिलर अर्ध्या किमतीत मिळतोय. जुना घेतला तर चालेल का? काय बघून घेऊ?

---

तुर्भ्याचा_एसीवाला

चालेल, पण चालू करून दाखवल्याशिवाय पैसे देऊ नका. पन्नास लिटरचं पिंप भरायला सांगा, पंप जोडा, तापमानाचा काटा दहा अंश खाली लावा. एक अंश उतरायला पंधरा-वीस मिनिटं लागली तर ठीक. अर्ध्या तासातही उतरला नाही तर गॅस कमी आहे आणि या छोट्या सील मशिनमध्ये गॅस गेला म्हणजे कुठेतरी गळती असते, नुसता भरून भागत नाही. कॉम्प्रेसर सुरू होताना एक ठक आवाज येईल, तो चालतो. ठक-ठक करत तीन-चारदा बंद पडला तर कॅपॅसिटर किंवा रिले, ते स्वस्तातलं काम आहे, त्यावरून भाव पाडा. आतली कॉइल टायटॅनियमची आहे ना ते मॉडेल नंबरवरून खात्री करा, काही स्वस्त मशिनं गोड्या पाण्यासाठीची असतात. आणि त्यांनी त्याच टाकीत कधी तांब्याचं औषध घातलं होतं का, तेही विचारा. घातलं असेल तर पाइप बदला आणि मशिन आरओ पाण्याने दोन-तीनदा फिरवून धुऊन घ्या.

नंबर प्लेटचा फोटो इथे टाका, पैसे द्यायच्या आधी बघून सांगतो.